नखी ओढत नाही, धरून ठेवते

अर्धस्वयंचलित पिस्तूल कोणते घ्यावे, अशी चर्चा निघाली की ती बहुधा एक्स्ट्रॅक्टरपाशी, म्हणजे काडतुसाचा काठ धरणाऱ्या छोट्या नखीपाशी, येते आणि तिथे एकच समज पुन्हा पुन्हा ऐकू येतो. नखी जितकी मोठी तितकी तिची पकड घट्ट, आणि पकड जितकी घट्ट तितके पिस्तूल भरवशाचे, असा तो समज आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याची चूक तपशिलातली नसून मुळातली आहे. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, घट्ट बसलेली रिकामी पुंगळी खेचून बाहेर काढणे हेच एक्स्ट्रॅक्टरचे मुख्य काम, असे त्यात गृहीत धरलेले असते. गोळी झाडल्यानंतरच्या पहिल्या काही सहस्रांश सेकंदांत काय घडते ते नीट पाहिले, तर हे गृहीतक टिकत नाही.

आधी भाग ओळखून घेऊ. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकणारा वरचा भाग, सुटी करून उलटी धरली, तर काडतुसाचे बूड जिथे टेकते तो सपाट पृष्ठभाग दिसतो. त्याच्या एका कडेला, बहुधा उजव्या, बोटाच्या नखाएवढीही नसलेली पोलादी नखी आत वळलेली असते. पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी एक खाच असते आणि खाचेच्या मागे काठ असतो. नऊ मिलिमीटर काडतुसात या काठाचा व्यास साधारण १० मिलिमीटर आणि जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. नखी या खाचेत शिरून काठ धरते. तिच्या समोरच्या बाजूला, पण स्लाइडवर नव्हे तर पिस्तुलाच्या सांगाड्यावर, पक्का बसवलेला इजेक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर उडवणारा खुंटा, असतो. या दोघांची जोडी मनात ठेवावी, कारण पुढचे सगळे त्यांच्यातल्या संबंधावर आधारलेले आहे.

गोळी सुटते तेव्हा चेंबरमधला दाब नऊ मिलिमीटर काडतुसात २,००० बारच्या वर जातो. त्या दाबाने पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, आणि या क्षणी कोणत्याही नखीने ती ओढू नये हेच इष्ट असते. म्हणूनच नऊ मिलिमीटरच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत एकत्र मागे सरकतात. संवेग अक्षय्यतेचा शाळेतला नियम लावला तर हिशेब सोपा आहे. गोळी ८ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला ३५० मीटर, नळी आणि स्लाइड मिळून ५०० ग्रॅम असे धरले, आणि दारूच्या वायूंचा वाटा बाजूला ठेवला, तर स्लाइडला सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर वेग मिळतो. त्याच नियमाने, गोळी नळीतून १०० मिलिमीटर पुढे जाते तेवढ्यात स्लाइड जेमतेम १.६ मिलिमीटर मागे आलेली असते. गोळी बाहेर पडते, दाब कोसळतो, आणि त्यानंतरच नळीची मागची बाजू खाली झुकून अडकण सुटते.

दाब कोसळला की पितळाची स्थितिस्थापकता कामाला येते. चेंबरची पोलादी भिंतही दाबाने किंचित ताणलेली असते आणि ती मूळ मापावर परतते, पण पितळी पुंगळी तिच्यापेक्षा थोडी अधिक आक्रसते, त्यामुळे दोघींत बारीकशी फट पडते. पुंगळी आता मोकळी असते. शिवाय ती नळी आणि स्लाइडबरोबर त्याच वेगाने मागे येत असते. नळी थांबली तरी पुंगळी जडत्वाने मागेच जात राहते आणि चेंबरमध्ये उरलेला दाब तिला मागून ढकलत असतो. नखीला ओढण्यासारखे फारसे काही उरलेलेच नसते. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे बेरेटाची मागून वर उचलता येणाऱ्या नळीची छोटी पिस्तुले. त्यांपैकी २१ए सारख्या नमुन्यांत एक्स्ट्रॅक्टर मुळातच नाही. वायूचा दाब पुंगळीला मागे ढकलतो आणि पिस्तूल चालते.

मग नखी हवी कशाला? पहिले कारण न फुटलेले काडतूस. ते हाताने स्लाइड ओढून काढताना दाब नसतो, जडत्वही नसते, आणि तिथे नखी खरोखरच ओढते. दुसरे कारण मला या सगळ्या रचनेतले सर्वांत देखणे वाटते. मागे येणारी पुंगळी स्लाइडच्या तोंडाला नेमक्या त्याच जागी टेकलेली राहिली पाहिजे, म्हणजे स्थिर उभा असलेला इजेक्टर तिच्या बुडाच्या एका कडेवर आदळेल. त्या क्षणी समोरच्या कडेला धरून असलेली नखी बिजागरी होते, आणि पुंगळी तिच्याभोवती फिरून स्लाइडच्या खिडकीतून बाहेर उडते. वॉल्थर पी३८ मध्ये नखी डाव्या बाजूला आहे, आणि म्हणून त्याच्या पुंगळ्या डावीकडे पडतात. बिजागरी सैल असेल तर पुंगळी इजेक्टरपर्यंत पोहोचण्याआधीच खाली कलते, आणि परतणाऱ्या स्लाइडमध्ये धुराड्यासारखी उभी अडकते. हा दोष ज्याने पाहिला आहे, तो बहुतेक वेळा म्हणतो की नखीने ओढले नाही. खरे तर पुंगळी चेंबरबाहेर आली होती, नखीने ती धरून ठेवली नव्हती.

पण पकड हवी तेवढी वाढवताही येत नाही. मॅगझिनमधून, म्हणजे मुठीतल्या काडतुसांच्या पेटीतून, वर येणारे काडतूस आपला काठ खालून नखीच्या मागे सरकवत चढते. नखीचा जोर जास्त असेल तर काठ चढता चढता अडतो आणि स्लाइड पूर्ण बंद होण्याआधी थोडी अलीकडेच थांबते. म्हणजे योग्य जोराला खालून आणि वरून अशा दोन्हीकडून मर्यादा आहे, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या रचनेतला खरा प्रश्न हा जोर हजारो फैरींनंतरही त्या पट्ट्यात कसा ठेवायचा, हा आहे.

इथे दोन घराणी वेगळी होतात. अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या, जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या पिस्तुलात एक्स्ट्रॅक्टर म्हणजे स्लाइडच्या पोटातल्या भोकात बसणारा स्प्रिंग-पोलादाचा एक लांब दांडा आहे. त्याला वेगळी स्प्रिंग नाही, किंचित वाकवलेला तो दांडा स्वतःच स्प्रिंग आहे. सुटे भाग कमी, पिन नाही, आणि हत्याराशिवाय काढता येतो. दुसऱ्या घराण्यात नखी स्लाइडच्या बाहेरच्या अंगाला दिसते आणि तिला मागून किंवा आतून एक छोटी गुंडाळलेली स्प्रिंग दाबत असते. सीझेड ७५ मध्ये नखी पिनेवर फिरते, तर ग्लॉक १७ मध्ये मागून येणारा दट्ट्या तिला दाबतो.

फरक हूकच्या नियमात आहे: स्प्रिंग जितकी वाकते किंवा दबते, तितक्या प्रमाणात तिचा जोर वाढतो. नखीला काठावर ७ न्यूटन जोर द्यायचा आहे असे उदाहरणापुरते धरू आणि तरफेचा हिशेब बाजूला ठेवू. लांब दांडा हा जोर सुमारे पाव मिलिमीटर वाकून देतो, म्हणजे त्याचा ताठरपणा दर मिलिमीटरला २८ न्यूटन झाला. झीज, काडतुसाच्या काठाच्या मापातला फरक किंवा दांड्याचा थोडा सैलावलेला बाक यांमुळे ०.०५ मिलिमीटर कमी झाले, की जोर २० टक्क्यांनी घटतो. गुंडाळलेली स्प्रिंग मात्र बसवतानाच, समजा २ मिलिमीटर, दाबून बसवलेली असते. तिचा ताठरपणा दर मिलिमीटरला अवघा साडेतीन न्यूटन असला तरी जोर तेवढाच मिळतो, आणि तोच ०.०५ मिलिमीटरचा फरक तिच्यात फक्त अडीच टक्क्यांची घट करतो. त्यात दांड्याचा ताठरपणा जाडीच्या घनावर आणि लांबीच्या व्यस्त घनावर अवलंबून असतो. जाडी १० टक्क्यांनी वाढली तर ताठरपणा ३३ टक्क्यांनी वाढतो, म्हणून त्याची घडण आणि त्याला पाणी देण्याची प्रक्रिया यांत हयगय चालत नाही. १९११ घाटाच्या पिस्तुलांत कुशल कारागीर हा बाक हाताने जुळवतात, यामागचे कारण परंपरेपेक्षा हा घन आहे.

ब्राउनिंग यांच्याच कल्पनेतून निघालेल्या १९३५ च्या हाय-पॉवर पिस्तुलातही आरंभी आतला एक्स्ट्रॅक्टर होता, पण १९६० च्या दशकात त्याच्या उत्पादकांनी तो बदलून बाहेरचा केला. म्हणून बाहेरचा तो सगळा चांगला, असा निष्कर्ष मात्र काढू नये. त्याची खोबण अरुंद असते, तिच्यात काजळी आणि पितळाचा कीस साचतो, आणि स्प्रिंग तोकडी असेल तर तीही थकते. १९११ घाटावर बाहेरची नखी बसवण्याचे काही प्रयत्न फसले आणि काही टिकले.

जाहिरातींत या विषयावर जे लिहिले जाते त्यातले बरेचसे बाजूला ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. नखीवर सोनेरी लेप आहे, तिची रुंदी वाढवली आहे, ती अमुक सैन्याच्या दर्जाची आहे, या कोणत्याही वाक्यात स्प्रिंगचा जोर किती आणि तो किती काळ टिकतो हे सांगितलेले नसते. काडतुसाचा काठ खालून नखीमागे चढण्याची सोय फक्त आतल्या एक्स्ट्रॅक्टरमध्येच असते, हा दावाही खरा नाही. बाहेरची नखी असलेल्या बहुतेक आधुनिक पिस्तुलांत काडतूस तसेच चढते. उलट सुटे काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडली, तर १९११ च्या दांड्याला काठावरून उडी घेण्यासाठी नेहमीच्या कित्येक पट वाकावे लागते, आणि असे वारंवार केल्यास त्याचा बाक कायमचा बिघडतो.

निवड करताना मी आधी वापरणाऱ्याकडे पाहीन. जो वर्षातून एकदाच पिस्तूल उघडून साफ करणार, त्याने बाहेरची, मागून दट्ट्याने दाबलेली नखी घ्यावी, कारण ती चुका पोटात घालते. ज्याला दांड्याचा बाक तपासणे आणि जुळवणे जमते, त्याला आतला एक्स्ट्रॅक्टर दीर्घकाळ साथ देतो. तो मात्र अखंड स्प्रिंग-पोलादातून कातलेला हवा, ओतीव नको.

तपासणीची एक रीत अगदी थेट आहे आणि ती परवानाधारक नेमबाजी केंद्रात, प्रशिक्षकासमोरच करावी. मॅगझिनमधून एक काडतूस चेंबरमध्ये घ्यायचे, मॅगझिन काढून टाकायचे आणि लक्ष्यावर ती एक फैर झाडायची. हाय-पॉवरसारख्या ज्या पिस्तुलांत मॅगझिनशिवाय चाप चालत नाही, त्यांत हे जमणार नाही. एरवी मागे येणाऱ्या पुंगळीला मॅगझिनमधल्या पुढच्या काडतुसाचा खालून आधार मिळतो आणि सैल नखीचा दोष त्यामुळे झाकला जातो. इथे तो आधार नसतो. असे आठ-दहा वेळा करून पुंगळ्या कुठे पडतात ते पाहावे. सगळ्या एकाच बाजूला, एकमेकींच्या जवळपास पडल्या तर नखी बिजागरीचे काम नीट करते आहे. एखादी जरी मॅगझिनच्या रिकाम्या जागेतून खाली, पायाशी पडली, तर तिला इजेक्टरपर्यंत कोणी धरून आणलेले नाही.