खाद्यपदार्थांच्या कारखान्यातले स्फोट

कारखान्यात स्फोट झाला म्हटलं की आपल्याकडं आधी बॉयलरचंच नाव घेतात, पण पीठ, साखर, बेसन, हळद, दूध पावडर यांची बारीक भुकटीसुद्धा तेवढीच घातक असते आणि तिच्याकडं फार कमी लोक बघतात. साखरेचं पोतं पेटवायला गेलं तर लवकर पेटत नाही, पण तीच साखर भुकटी होऊन बंद जागेत हवेत तरंगत असली नि ठिणगी पडली तर सगळी एकदम पेटते. ठिणगी कुठूनही येते, माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं तापलेलं बेअरिंग, घासणारा पट्टा, चालू प्लांटमधलं वेल्डिंग, स्टॅटिक करंट. पहिला भडका बऱ्याचदा छोटा असतो, पण त्याच्या धक्क्यानं अँगलवर, केबलवर, पत्र्याखाली महिनोन्महिने साचलेली भुकटी झडून हवेत पसरते आणि मग दुसरा स्फोट होतो, इमारत पाडणारा सहसा हाच. अमेरिकेत जॉर्जियात 7 फेब्रुवारी 2008 ला एका साखर कारखान्यात असंच झालं, 14 कामगार गेले, तिथं सायलोखालचा (साखर साठवायच्या उंच कोठाराखालचा) कन्व्हेयर आदल्या वर्षीच पत्र्यानं बंदिस्त केला होता त्यामुळं भुकटी आतच कोंडत राहिली. म्हणून सफाई कंप्रेसरच्या हवेनं करूच नये, हवेनं भुकटी जात नाही, उडते.

लातूरकडं सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लांट आहेत, तिथला धोका वेगळा. तेल काढायला हेक्झेन नावाचं पेट घेणारं द्रावक वापरतात, त्याची वाफ हवेपेक्षा जवळपास तिप्पट जड, त्यामुळं वर न जाता जमिनीलगत खड्ड्यात, गटारीत साचते, आणि हवेत साधारण 1.2 टक्के झाली तरी पेटू शकते. डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, नीट वाळली नाही तर तिच्यात राहिलेलं हेक्झेन गोडाऊनमध्ये सुटत राहतं.

बॉयलरमध्ये मुख्य कारण म्हणजे पाणी कमी पडणं, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकणं आणि क्षारांचा थर, आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं तेव्हा पाण्यातले क्षार काढणारा सॉफ्टनर बंद ठेवून चालत नाही, थराखाली ट्यूब तापून फुटते. बाकी ठिकाणी धोका वेगवेगळ्या वायूंचा, डिस्टिलरीत अल्कोहोलची वाफ, सांडपाण्याच्या टाकीत मिथेन, कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया.

काही स्फोटांत आग नसतेच. डिसेंबर 2017 मध्ये परळी भागातल्या एका साखर कारखान्यात उसाच्या गरम रसाची टाकी फुटली आणि अंगावर उकळता रस पडून कामगार दगावले.