खचलेली पाठ आणि खोगिराची भूमिती

"पाठ खचलेला घोडा बसायला उलट बरा, माणूस आपोआप मधोमध बसतो." रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर घोड्यांच्या गप्पा निघाल्या की हे कुणीतरी म्हणतंच. पण मग खोगीर नीट बसत नाही त्याचं काय, असं विचारलं तर त्यावरही उत्तर तयार असतं: "दोन घोंगडी जादा टाकायची, हाय काय अन् नाय काय!" यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, बसणाऱ्याला खरंच बरं वाटतं. दुसरं साफ चूक आहे. ते का चूक, हे दहावीच्या भूमितीने दाखवता येतं.

आधी पाठीविषयी थोडं. घोड्याच्या पाठीत बरगड्या जोडलेले 18 मणके असतात आणि त्यामागे कमरेचे बहुधा 6. घोड्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं कॉलरबोन नसतं, त्यामुळे त्याची छाती पुढच्या दोन पायांच्या मधे स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. या सगळ्या रचनेला डच शास्त्रज्ञ स्लाइपर यांनी 1946 मध्ये धनुष्य म्हटलं. कणा ही कमान आणि पोटाचे स्नायू ही दोरी. कवटीच्या मागून निघालेला एक जाड लवचिक बंध आयाळीखालून खांद्यांमधल्या उंचवट्यापर्यंत येतो. घोड्याने चरायला मान खाली घातली की हा बंध ताणला जातो आणि पाठ किंचित वर उचलली जाते. वय झालं, घोडीची बरीच वेतं झाली किंवा व्यायाम सुटला की ही दोरी सैल पडते आणि कमान खाली येते. काही घोड्यांत हे उपजतच असतं. अमेरिकन सॅडलब्रेड जातीत तरुणपणीच पाठ खचण्याचा संबंध 20 क्रमांकाच्या गुणसूत्राशी असल्याचं 2010 मधल्या संशोधनात दिसलं. पाठ खचली म्हणजे घोडा दुखण्यात आहे असं मात्र नाही. पशुवैद्याने तपासून होकार दिला, तर असे कित्येक घोडे उत्तम काम करतात.

आपल्याकडे घोडा घेताना पाहतात काय, तर भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वळणं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का, नको त्या जागी गोम हा अशुभ मानलेला भोवरा आहे का, याची बारकाईने चौकशी होते आणि किंमत त्यावर हलते. केसांची वळणं घोडीच्या पोटातच ठरतात, पाठीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. तोच हात जरा मागे नेऊन कण्याच्या दोन्ही बाजूंनी दाबत फिरवला, तर घोडा स्वतःच बरंच काही सांगेल.

आता भूमिती. खोगिराच्या खाली कण्याच्या दोन्ही बाजूंना लांबट गाद्या असतात. त्या सरळ आहेत आणि पाठ खोलगट आहे असं धरा. मग खोगीर ओढ्यावर टाकलेल्या साकवासारखं दोन टोकांवर टेकतं आणि मधे पोकळी राहते. पोकळी किती? पाठ हा वर्तुळाचा कंस आणि गादी ही त्याची जीवा. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचं अंतर साधारणपणे लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट इतकं येतं. गादी 45 सेंमी आणि पाठीची त्रिज्या 100 सेंमी असेल तर 2025 भागिले 800, म्हणजे अडीच सेंमी. सहज तीन बोटं आडवी जायला हवीत असं वाटतं, पण दीडच जातील.

मला यातला वर्ग फार आवडतो. गादी 45 ऐवजी 40 सेंमीची घेतली, तर लांबी फक्त 11 टक्क्यांनी कमी होते, पण पोकळी अडीचवरून दोनवर येते, म्हणजे 21 टक्क्यांनी. टेकायची जागा कमी होते त्याहून वेगाने पोकळी कमी होते. म्हणून अशा घोड्याला लांबलचक खोगीर नको. तसंही खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊच नये. खोगिराच्या सांगाड्यालाच थोडा बाक असेल तर आणखी बरं, कारण तेवढा बाक पाठीच्या बाकातून वजा होतो.

पोकळी असली म्हणून बिघडतं कुठे? दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. स्वार 65 किलो, खोगीर 7 किलो, एकूण 72 किलो. म्हणजे सुमारे 706 न्यूटन बल. गाद्या 1200 चौरस सेंमीवर सारख्या टेकल्या तर दाब 5.9 किलोपास्कल, पाऱ्याच्या भाषेत 44 मिमी. साकव होऊन फक्त 400 चौरस सेंमी टेकले तर 132 मिमी. दुडक्या चालीत स्वाराचा भार प्रत्येक पावलाला वजनाच्या जवळपास दुप्पट होतो, म्हणजे 260 च्या वर. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळल्याचं बल यात धरलेलंच नाही. आता केशवाहिनीतला दाब बघा. 1930 मध्ये लँडिस यांनी माणसाच्या नखाच्या कडेला तो मोजला, धमनीकडच्या टोकाला साधारण 32 मिमी. बाहेरचा दाब त्याच्या वर गेला की रक्त अडतं. नीट बसलेलं खोगीरही या आकड्याच्या वर जातं, पण पावलागणिक भार हलका होतो आणि रक्त परत वाहतं. साकवाच्या दोन टोकांना ती सवड अपुरी पडते. तिथली कातडी आणि केसांची मुळं दुखावतात, रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि खांद्यामागे रुपयाएवढा पांढरा ठिपका उगवतो. मूळ केसांत तो नव्हता, नंतर आला, असा ठिपका दिसला की खोगीर उलटं करून पाहावं.

आता ती दोन घोंगडी. घोंगडं किंवा फोम ही स्प्रिंग समजा: जेवढा दबेल तेवढा भार उचलेल. टोकांना तो पार दबून कडक होतो. मधे खाली पोकळीच, म्हणून तिथे दबतच नाही, आणि जो दबत नाही तो भार उचलत नाही. जाडी सगळीकडे सारखी वाढवली तर पोकळी जवळपास तेवढीच राहते. शिवाय खोगीर उंच होतं आणि पुढे आवळ बसतं. "कुठल्याही पाठीला बसणारं" जेल पॅड किंवा मेमरी फोम यांच्या जाहिराती याच जागी फसवतात. भर फक्त मधे हवी, दोन्ही टोकांकडे पातळ होत जाणारी. सांगाडा नसलेलं मऊ खोगीर पाठीचा आकार घेतं खरं, पण मग स्वाराचा भार बुडाखाली आणि रिकिबीच्या पट्ट्यांपाशी गोळा होतो.

माप असं घ्यावं. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा, मान नेहमीच्या उंचीला. चित्रकलेच्या दुकानात मिळणारी वाकणारी पट्टी कण्याच्या एका बाजूला लांबीत दाबायची आणि आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापायचा. मग आडवे तीन आकार: खांद्याच्या हाडामागे, सर्वांत खोल जागी, शेवटच्या बरगडीपाशी. दुसरी बाजूही मोजायची, दोन्ही सारख्या क्वचितच निघतात. ज्या गावात मापाच्या चपलेची पारख आहे, तिथे पुठ्ठा घेऊन कारागिरासमोर बसायला कुणाला संकोच नसावा. तयार खोगीर कानपूरचं घेतलंत तरी गाद्यांत लोकर मागेपुढे करून भरता येते.

मग तंग न लावता तळहात गादीखालून पुढून मागे सरकवायचा. हात मधे सैल आणि टोकांना अडकत असेल तर साकव आहे. तंग लावून पुन्हा, आणि स्वार बसल्यावर पुन्हा, कारण वजनाने पाठ आणखी खाली जाते. खांद्यांमधल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत आणि दोन गाद्यांमधला पन्हाळ कण्याला कुठेही शिवू नये. एकट्या घामाच्या खुणेवर मात्र विसंबू नका. घाम न आलेला कोरडा पट्टा खोगीर टेकत नाही तिथेही पडतो आणि फार दाबतं तिथेही.

मान खाली सोडून चालवलं, चढाला हळू चढवलं, तर काही महिन्यांत कण्याच्या बाजूचे स्नायू भरतात आणि तेच खोगीर मधे दाबू लागतं. जुना पुठ्ठा म्हणूनच टाकायचा नाही. नव्या मापाशेजारी तो धरला की मधली लोकर किती काढायची ते कळतं.