विद्यार्थी-संपादक मार्गदर्शन (विकिपीडिया)

विद्यार्थी-संपादक मार्गदर्शन : विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्या विद्यार्थ्याला अनुभवी संपादकाने सोबत राहून लेखन, संदर्भ देणे आणि चर्चापानावरील (लेखाविषयी संपादकांनी आपसांत बोलण्याच्या पानावरील) व्यवहार शिकवण्याची पद्धती. हे लेखन बहुधा महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा भाग असते. गुण देणारा प्राध्यापक आणि मार्गदर्शक यांच्या भूमिका वेगळ्या ठेवणे इष्ट मानले जाते. प्राध्यापक विषयाचे आकलन पाहतो, तर मार्गदर्शक तो मजकूर विश्वकोशात टिकेल का, हे पाहतो.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकमत नाही. वर्गाला विकिपीडियावर लेख लिहायला देण्याची प्रथा २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच दिसू लागते. परंतु तेव्हा विद्यार्थ्यामागे ठरलेला मार्गदर्शक नसे. इंग्रजी विकिपीडियावर साधारणतः २००६ च्या सुमारास ‘अडॉप्ट-अ-यूझर’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात जुना सदस्य एखाद्या नवागताला जणू दत्तक घेई. काही जण यालाच आरंभबिंदू मानतात. मात्र हा उपक्रम कोणत्याही नवागतासाठी खुला होता आणि वर्ग, सत्र व मूल्यमापन यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. दुसरे मत विकिमीडिया फाउंडेशनने (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने) २०१० मध्ये अमेरिकी विद्यापीठांत हाती घेतलेल्या सार्वजनिक धोरणविषयक उपक्रमाला अग्रमान देते. वर्गात जाऊन शिकवणारे ‘कॅम्पस ॲम्बॅसडर’ आणि दूरस्थ मदत करणारे ‘ऑनलाइन ॲम्बॅसडर’ अशी मार्गदर्शकांची विभागणी त्यात प्रथमच पद्धतशीरपणे झाली, हे खरे आहे.

तथापि या दोहोंच्या मधल्या काळातील एका प्रयोगाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. २००८ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन बीसली-मरे यांनी लॅटिन अमेरिकी साहित्याच्या वर्गाला विकिपीडियावरील लेख घडवण्याचे काम दिले. विकिपीडियावरील अनुभवी संपादकांचा एक गट आपणहून विद्यार्थ्यांच्या मदतीला आला. सत्राअखेरपर्यंत तीन लेख ‘विशेष लेख’ या विकिपीडियावरील सर्वोच्च दर्जाला आणि आठ त्याखालच्या ‘चांगला लेख’ दर्जाला पोहोचले. अभ्यासक्रम, विद्यार्थी आणि स्वेच्छेने आलेला जाणता संपादक हे तिन्ही घटक येथे एकत्र दिसतात. म्हणून आजच्या अर्थाने या पद्धतीचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुण्यातील प्रयोग : अमेरिकेतील रचना २०११ मध्ये पुण्यात आणली गेली. अभियांत्रिकी महाविद्यालय, सिंबायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आदी संस्थांतील विद्यार्थी इंग्रजी विकिपीडियावर लिहू लागले. त्यांची संख्या हजाराच्या घरात होती. थोड्याच आठवड्यांत संकेतस्थळांवरून व पुस्तकांतून जसाच्या तसा उचललेला मजकूर मोठ्या प्रमाणावर आढळू लागला. जगभरचे स्वयंसेवक तो शोधून काढून टाकण्यात गुंतले आणि वर्षअखेरीच्या आत उपक्रम थांबवावा लागला. याचा दोष पुष्कळदा सरसकट विद्यार्थ्यांवर टाकला जातो. ते न्याय्य नाही. नेमलेल्या कॅम्पस ॲम्बॅसडरांपैकी बरेच जण स्वतःच विकिपीडियावर नवखे होते. दुवा देण्यासाठी चौकटी कंस कसे घालायचे हे ते सांगू शकत होते. पण स्रोत वाचून स्वतःचे वाक्य कसे बांधायचे, हे दाखवण्याइतका त्यांचा हात बसलेला नव्हता. शिवाय विद्यार्थ्यांच्या मानाने अनुभवी संपादक फारच थोडे होते. अमेरिका व कॅनडातील काम पुढे विकी एज्युकेशन फाउंडेशन या स्वतंत्र संस्थेकडे गेले. भारतात नंतरचे उपक्रम भारतीय भाषांकडे अधिक वळले. बंगळुरूच्या ख्राइस्ट विद्यापीठातील भाषा-विद्यार्थ्यांचे लेखन हे त्याचे एक उदाहरण होय.

कार्यपद्धती : विद्यार्थी प्रथम धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहितो. मार्गदर्शक तो कच्चा मसुदा वाचतो आणि मगच लेख मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष विश्वकोशाच्या पानांत, जातो. सर्वांत कठीण भाग उसनवारी टाळण्याचा असतो. यासाठी उपयोगी पडणारी रीत अशी : स्रोतातील परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे, लक्षात राहिलेला आशय आपल्या वाक्यात लिहावा आणि त्यानंतरच पुस्तक उघडून नावे व सनावळी पडताळावी. लिहिलेले कोणी उलटवले (काढून आधीची आवृत्ती परत आणली) तर नवखा विद्यार्थी बहुधा तोच मजकूर पुन्हा चढवतो किंवा काम सोडून देतो. अशा वेळी मार्गदर्शक त्याच्यासोबत लेखाचा ‘इतिहास’ (बदलांची नोंद) उघडतो, दोन आवृत्त्यांतील फरक ओळीओळीने दाखवतो, उलटवणाऱ्याने बदलाच्या सारांशात दिलेले कारण वाचायला लावतो आणि चर्चापानावर सहीसह उत्तर लिहून घेतो. विद्यार्थ्याचा मजकूर मार्गदर्शकाने स्वतः दुरुस्त करणे मात्र टाळावे. तसे केल्यास लेख सुधारतो, पण विद्यार्थी तिथेच राहतो.

मराठी विकिपीडिया : मराठी विकिपीडियाचा आरंभ मे २००३ मधला. येथे मार्गदर्शन मुख्यतः एकदिवसीय कार्यशाळांतून होते. मराठी भाषा गौरव दिन (२७ फेब्रुवारी) आणि जानेवारीतील भाषा संवर्धन पंधरवडा या निमित्ताने त्या भरतात. पहिली अडचण तांत्रिक असते. एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेट-जोडणीच्या क्रमांकावरून) दिवसाला सहाच खाती उघडता येत असल्याने महाविद्यालयाच्या संगणककक्षात सातवा विद्यार्थी अडतो. खाती आधी घरून उघडायला सांगणे किंवा मर्यादा शिथिल करून घेणे हे त्यावरचे उपाय आहेत. दुसरी अडचण टंकाची. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला की पानावर अर्थहीन अक्षरे उमटतात. त्यामुळे कंट्रोल व एम या कळांनी विकिपीडियाची अंगभूत देवनागरी लेखनपद्धती चालू करणे हा पहिल्या तासाचा पाठ ठरतो.

विषयनिवडीतही मार्गदर्शकाची गरज भासते. पहिला लेख आपले गाव, आपले महाविद्यालय किंवा स्थानिक नेता यांवर लिहिण्याकडे कल असतो. गावाविषयी जनगणना व गॅझेटिअर यांसारखे छापील आधार निदान मिळतात. स्थानिक नेत्याविषयी बहुधा केवळ प्रचारपत्रके हाती येतात आणि तो लेख उल्लेखनीयतेच्या (विषयावर स्वतंत्र, विश्वसनीय स्रोतांत पुरेसे लेखन असण्याच्या) निकषावर टिकत नाही. कार्यशाळेनंतर किती विद्यार्थी लिहीत राहिले, याच्या व्यवस्थित नोंदी विरळ आहेत.

२०१९ पासून काही भाषांतील विकिपीडियांवर नव्या सदस्याच्या स्वतःच्या मुखपृष्ठावर एका स्वयंसेवक मार्गदर्शकाचे नाव आपोआप दिसू लागले; तेथूनच त्याला प्रश्न विचारता येतो. या रचनेत मार्गदर्शकाला एखादा नवा सदस्य स्वतःकडे मागून घेता येतो. कार्यशाळेत समोरासमोर भेटलेला विद्यार्थी त्यामुळे त्याच मार्गदर्शकाकडे राहू शकतो.