बायोसच्या शब्दावर विसंबू नये, अर्थात बूट लोडरची परीक्षा

ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचं मासिक अपडेट आलं आणि एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदवणाऱ्या बऱ्याच जणांचं लिनक्स उघडेनासं झालं. पडद्यावर सुरक्षा-धोरणाचा भंग झाल्याची तक्रार, मग 'काहीतरी फार गंभीर बिघडलं आहे' अशा अर्थाची एक ओळ, आणि खेळ खलास. दोन प्रणाली असलेली यंत्रं ओळखून वगळायची, असं मायक्रोसॉफ्टने ठरवलं होतं. काही यंत्रांवर ही ओळखच पटली नाही. अशा वेळी हमखास विचारलं जातं, "बाहेर सोडण्याआधी तपासत नाहीत का हे लोक?"

तपासतात. पण इथे अडला तो बूट लोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम उघडून देणारा प्रोग्रॅम. तो असा असतो की चार यंत्रांवर चालला म्हणून पाचव्यावर चालेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

बटण दाबलं की प्रोसेसर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम चालवतो. जुन्या यंत्रांत तो बायोस, आताच्या यंत्रांत यूईएफआय. लिनक्स कशाशी खातात हे त्या बिचाऱ्या बायोसला ठाऊक नसतं. डिस्कवरून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, शोधून मेमरीत आणायचा आणि कारभार त्याच्याकडे सोपवायचा, हे काम बूट लोडरचं. मुक्तस्रोत जगात सगळ्यात जास्त भेटतो तो ग्रब. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये तो ग्नू प्रकल्पाच्या हर्ड प्रणालीसाठी लिहायला घेतला. आज वापरात असलेला ग्रब २ नंतर नव्याने लिहिला गेला.

आपण एरवी वापरतो त्या प्रोग्रॅमना ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार असतो. हार्डवेअरच्या सगळ्या खोडी ती पोटात घालते. बूट लोडर धावतो तेव्हा ती अजून जन्मालाच आलेली नसते. त्याला जे काही मिळतं ते थेट बायोसकडून, आणि तो बायोस कोणी, किती काळजीने लिहिला असेल ते नशीब.

माझा सगळा जीव आहे तो पहिल्या ५१२ बाइटांवर. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे तेवढ्या बाइटांचा पहिला तुकडा, उचलतो आणि मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर आणून ठेवतो. सेक्टरचे शेवटचे दोन बाइट षोडशमान पद्धतीत ५५ आणि एए असतील, तर बहुतेक बायोस त्याला बूट होण्याजोगा मानतात. त्याआधीचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला जातात. उरले ४४६. म्हणजे या परिच्छेदापेक्षाही लहान जागेत प्रोग्रॅम बसवायचा आहे.

या अवस्थेत अगदी नवा प्रोसेसरसुद्धा १९७८ च्या ८०८६ सारखा वागतो. त्याच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या कप्प्यात, ६५,५३५ पर्यंतचीच संख्या मावते, पण मेमरी मात्र १ एमबीपर्यंत गाठायची असते. म्हणून पत्ता दोन संख्यांनी सांगतात: सेगमेंट आणि ऑफसेट. सेगमेंटला १६ ने गुणायचं आणि त्यात ऑफसेट मिळवायचा. आता ३१,७४४ हा पत्ता सेगमेंट ० आणि ऑफसेट ३१,७४४ असा सांगता येतो, तसाच सेगमेंट १,९८४ आणि ऑफसेट ० असाही. कारण १,९८४ गुणिले १६ म्हणजे ३१,७४४ च. जागा एकच, सांगण्याच्या तऱ्हा दोन. बहुतेक बायोस पहिल्या तऱ्हेने तिथे उडी मारतात, काही दुसऱ्या.

बिघडलं कुठे? 'इथून वीस बाइट पुढे जा' अशा सापेक्ष उड्यांचं काहीच बिघडत नाही. पण ग्रबचा पहिला सेक्टर काम आटोपताना एक निरपेक्ष उडी मारतो: ऑफसेट ३२,७६८ वर जा. ग्रबचा पुढचा टप्पा तिथे आणून ठेवलेला असतो. या उडीत सेगमेंट बदलत नाही, आधी होता तोच राहतो. तो ० असेल तर आपण मुक्कामी पोचलो. १,९८४ असेल तर ३१,७४४ अधिक ३२,७६८, म्हणजे ६४,५१२ वर जाऊन पडलो. तिथे जो कचरा असेल त्यालाच प्रोसेसर सूचना समजून राबवू लागणार. डिस्क बरोबर वाचली गेली, पडद्यावर ग्रबचं नाव उमटलं, आणि यंत्र ठप्प.

यावरचा उपाय ग्रबमध्ये सुरुवातीलाच आहे. वरवर पाहता अर्थहीन वाटणारी एक लांब उडी, जाते ती अगदी पुढच्याच सूचनेवर! पण या उडीत सेगमेंटही स्पष्ट लिहिलेला असतो, शून्य. खर्च ५ बाइट. ग्रबच्या मूळ प्रोग्रॅममध्ये शेजारी लिहिलेल्या टिपेत नाठाळ बायोसांच्या याच खोडीचा उल्लेख आहे. तिच्या जवळच दुसऱ्या एका खोडीवरचा इलाज आहे. कोणत्या डिस्कवरून बूट होतंय तो क्रमांक बायोसने डीएल नावाच्या रजिस्टरमध्ये ठेवायचा असतो, पहिल्या हार्ड डिस्कसाठी १२८. काही बायोस तिथे भलतंच काही ठेवतात, म्हणून हार्ड डिस्कवर बसवलेला ग्रब त्या आकड्यावर आंधळेपणाने विश्वास ठेवत नाही. तो न पटणारा असेल तर स्वतः १२८ धरून चालतो. असल्या ओळी कोणाला टेबलाशी बसून सुचत नाहीत. कुठल्यातरी यंत्रावर बूट अडलं, त्या माणसाने नेमकं कळवलं, तेव्हा त्या लिहिल्या जातात.

नेमकं कळवणं सोपं करायचं तर बूट लोडरनेच मदत करायला हवी. लिलो या लिनक्सच्या जुन्या बूट लोडरची युक्ती मला फार आवडते. तो आपल्या नावाची चार अक्षरं एकदम न छापता एकेक टप्पा पार पडेल तसं एकेक अक्षर छापायचा. नुसतं 'एल' दिसलं तर पहिला टप्पा आला, दुसरा आणता आला नाही. 'एलआय' वर अडलं तर दुसरा आणला पण चालवता आला नाही. चार अक्षरांत निदान.

मग आभासी यंत्रावर तपासून का भागत नाही? ग्रबच्या चाचण्या क्यूएमू या आभासी यंत्रावर चालतात, आणि त्या हव्यातच. पण क्यूएमूमधला बायोस शहाणा आहे, तो नियमाने उडी मारतो. खोडकर बायोस भेटायचा तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला जुना संगणकच बरा.

शिवाय यंत्रं हार्डवेअरपुरतीच वेगळी नसतात, त्यांचा भूतकाळही वेगळा असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च लिनक्सवाल्यांना हे भोवलं. ग्रबच्या नव्या आवृत्तीने बनवलेल्या मेन्यूच्या फाइलमध्ये 'फर्मवेअरच्या (म्हणजे मदरबोर्डच्या चिपमधल्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये जाता येतं का?' असं विचारणारी एक ओळ होती. काही यंत्रांवर फाइल नवी तयार झाली, पण बूट होताना चालणारा ग्रब जुनाच राहिला. त्या जुन्याला प्रश्नाची भाषा येत नव्हती. तो विचारत न बसता सरळ सेटिंगमध्येच जायचा, दर वेळी. जिथे दोन्ही नवं, तिथे सगळं आलबेल.

यूईएफआयने हे प्रकार संपतील असं सांगितलं गेलं होतं. सेगमेंटची भानगड खरंच संपली. पण २०१२ मध्ये लिनक्सवर काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट यांना लेनोव्होच्या एका डेस्कटॉपमध्ये असं फर्मवेअर सापडलं, जे बूटच्या नोंदीचं नाव वाचून ठरवायचं: विंडोजचं ठरलेलं नाव किंवा रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स असेल तरच पुढे! नावाला काहीही अर्थ नसावा असं मानक म्हणतं, तरी.

दसऱ्याला संगणकाला झेंडूची माळ घालायला माझी हरकत नाही. पण 'या मशीनला लिनक्स लाभत नाही' हे वाक्य ऐकलं की चिडायला होतं. लाभत नाही म्हणजे कुठल्या अक्षरावर अडतं? पेनड्राइव्हवर ग्रबची रेस्क्यू प्रतिमा, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच सुरू होणारी प्रत, घ्यावी, तिच्यातून यंत्र सुरू करावं, डिस्कची यादी आणि मेमरीचा नकाशा दाखवणारे आदेश द्यावेत. त्यासाठी डिस्कवर काही लिहावं लागत नाही. जे दिसेल त्याचा फोटो काढावा आणि मदरबोर्डचं मॉडेल व बायोसची आवृत्ती त्याबरोबर लिहावी. त्यातही जुना बायोस मोड होता की यूईएफआय, हे आधी लिहावं, कारण दोन्हींत चालणारा ग्रबचा भाग निराळा असतो.