घनसत्त्व कॅप्सूल : निवड आणि मात्रा

झाडपाल्याचा काढा, किंवा अल्कोहोलसारख्या द्रावकात उतरवलेला रस, आटवून सुकवला की घनसत्त्व. विदर्भात खेड्यापाड्यात यालाही सर्रास अर्कच म्हणतात, पण जुन्या ग्रंथांतला अर्क म्हणजे भट्टीवर वाफ थंड करून काढलेलं पाणी, वेगळीच चीज.

खरा घोळ मात्रेच्या जुन्या मापाचा. शार्ङ्गधरसंहितेत (आयुर्वेदाचा जुना ग्रंथ, काळ बहुधा १३वं-१४वं शतक) दोन मानं दिलीत, मागध मानात ६ गुंजांचा (गुंज म्हणजे गुंजेच्या बीएवढं वजन) माष, कालिंग मानात ८ गुंजांचा आणि क्वचित ७चा, म्हणजे नुसतं ‘माषभर’ म्हटलं तर वजन किती हेच ठरत नाही. ग्रंथकार मागधाला श्रेष्ठ म्हणतो. आजच्या सरकारी फॉर्म्युलरीत (आयुर्वेदिक औषधांच्या पाठांच्या पुस्तकात) मात्र गुंज १२५ मिलिग्रॅम, ८ गुंजांचा माष १ ग्रॅम आणि तोळा १२ ग्रॅम धरलाय, हिशोबाला हेच बरं. सराफाचा तोळा १० ग्रॅमचा, तो इथं लावू नये!

डबीवरचे मिलिग्रॅमही फसवतात. १०:१ लिहिलं असेल तर १० किलो मुळीचं १ किलो सत्त्व, म्हणजे ५०० मिलिग्रॅमची गोळी ५ ग्रॅम मुळीची, आणि त्यात कामाचा घटक किती ते टक्क्यांवरूनच कळतं. हळदच घ्या. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६मध्ये जीआय (त्या गावच्या मालाची सरकारी ओळख) मिळालं ते तिच्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीचा कामाचा घटक, जास्त म्हणून गाजलं, पण साध्या हळदीत ३ टक्के धरलं तरी ९५ टक्केवाल्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलची बरोबरी करायला जवळपास १६ ग्रॅम हळद लागते, भाजीत एवढी कोण टाकतं? कॅप्सूलमध्ये मिऱ्यातला पिपरिन हा घटक घातलेला असला तर कुरकुमिन आणखी अंगी लागतं, आणि यकृताला त्रास झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. अंजनगाव सुर्जीच्या पानपिंपळीतही (लांब पिंपळीत) पिपरिनच असतं, आणि त्यानं दुसरी औषधंही जास्त अंगी लागतात, त्यामुळे फिट्सची फेनिटोइन ही गोळी चालू असणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय असली कॅप्सूल घेऊ नये.

आस्कंदाचं (अश्वगंधेचं) चूर्ण ३ ते ६ ग्रॅम चालतं, सत्त्वाला हा आकडा लागू नाही. सत्त्व मुळीचंच आहे ना ते डबीवर बघावं, पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयानं २०२१मध्ये कंपन्यांना सांगितलंय. थायरॉइड किंवा शुगरची गोळी चालू असेल, बाई गरोदर असेल तर आस्कंद आपल्या मनानं सुरू करू नये. ‘आयुर्वेदिक हाय, काही होत नाही’ हे बाजारात हमखास ऐकू येतं, पण लघवी गडद, डोळे पिवळे दिसले की गोळी बंद आणि सरळ दवाखाना.

मेळघाटात भुमका (कोरकूंचा गावठी वैद्य) जडीबुटी देतो ती बहुतेक ओली किंवा कुटलेली, सत्त्व नव्हे, म्हणून वरचे आकडे तिला लावता येत नाहीत.