फुटका कोबा आणि चिमूटभर हळद

आमच्या गल्लीत एका घरासमोरचा ३५ वर्षांचा जुना कोबा फोडला. ट्रॅक्टरवाला राडारोडा न्यायला यायच्या आत त्यातले दोन ढीग मी मागून घेतले. परसात गुडघाभर उंचीचा बांध रचायचा होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सिमेंट हाय ते, झाडं जळतील की ओ सगळी!" त्यांच्या भावजयीनं भर घातली, की फुटकं-तुटकं घरात आणलं की लक्ष्मी टिकत नाही. आता फोडलेला दगड अशुभ असता, तर आमच्या अंबाबाईचं काळ्या दगडाचं देऊळच उभं राहिलं नसतं. तो मुद्दा तिथंच सोडला. काकूंचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की दोन गोष्टी तयार होतात. एक, सगळं धरून ठेवणारा चिकट पदार्थ. दुसरा, चुना, विड्याच्या पानाला लावतो तोच. या चुन्यामुळं ताज्या काँक्रीटचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचं माप; ७ च्या वर अल्क) १२.५ ते १३ असतो. पानात चुना जास्त झाला की जीभ भाजते, ती यामुळंच.

पण हा चुना चुना राहत नाही. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर घातली होती ना? निवळी दुधाळ झाली, कारण फुंकरीतल्या कार्बन डायऑक्साइडनं चुन्याचा चुनखडक केला. काँक्रीटमध्ये हेच घडतं, फक्त फुंकर हवेची असते आणि ती वर्षानुवर्षं चालते. चुनखडक झालेल्या थराचा सामू ९ च्या आसपास उतरतो.

हे पाहायला इंजिनिअर फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे चुना असेल तिथं गुलाबी होणारं रसायन, शिंपडतात. माझ्याकडं होती सांगलीची हळद. ती स्पिरिटमध्ये कालवून ताज्या फोडलेल्या तुकड्यावर ओतली. आतला गाभा लालभडक झाला, बाहेरची कड पिवळीच राहिली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे घरोघरी माहीत आहे; इथं कुंकू जिथं थांबलं, तिथवर हवा पोचली होती. सीमा थोडी फिसकटते, फिनॉल्फ्थॅलीनइतकी रेखीव येत नाही, पण समजायला पुरते.

आता खरी गंमत. ही कड वर्षाला ठरावीक मिलिमीटर अशी वाढत नाही. ४ वर्षांत ५ मिलिमीटर आत गेली असेल, तर १० मिलिमीटरला १६ वर्षं लागतात. खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. कारण पुढच्या चुन्यापर्यंत पोचायला वायूला आधी झालेल्या चुनखडकाच्या थरातूनच वाट काढावी लागते, आणि थर जाड होत जातो तशी वाट लांबते. शिवाय चुन्यापेक्षा चुनखडकाला जागा साधारण दहा-बारा टक्के जास्त लागते, म्हणून छिद्रंही बुजतात. त्यात ओलाव्याचा खेळ. हा वायू हवेतून जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारावा वेग पाण्यात. आपल्याकडच्या आषाढात छिद्रं पाण्यानं भरली की काम जवळपास ठप्प. उलट अगदी कोरडं असलं तर चुना विरघळायलाच पाणी नाही. ५० ते ७० टक्के आर्द्रता त्याला मानवते, म्हणजे आपल्याकडं पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस.

म्हणूनच फोडण्याला अर्थ आहे. २० सेंटिमीटरच्या घनाचे ५ सेंटिमीटरचे ६४ घन केले, तर हवेला मिळणारा पृष्ठभाग चौपट होतो. स्लॅबमध्ये मात्र हीच क्रिया वैरीण ठरते. चुन्याच्या क्षारतेमुळं सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. तो गेला की गंज, आणि मग छताची ढलपी खाली. परसातल्या बांधात सळई नसते, त्यामुळं तिथं बिनधास्त होऊ द्यावी.

यावरून 'कार्बन गिळणारी बाग' म्हणून मिरवणारे भेटतात. त्यांना भट्टीची आठवण करून द्यावी. सिमेंटसाठी चुनखडक सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा दगडातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंधनाचा धूर वेगळाच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९३० ते २०१३ या काळात दगडातून सुटलेल्या वायूपैकी सुमारे ४३ टक्के सिमेंटनं परत शोषला. इंधनाचा हिशेब त्यात नाही. माझ्या दोन ढिगांनी पृथ्वी वाचत नाही. खाणीतला थोडा नवा दगड वाचतो, एवढंच.

आता काकूंचं निम्मं खरं. मुळांजवळ ताजा भुगा गेला की मातीचा सामू चढतो. सामू एकानं वाढला की मातीतलं विरघळलेलं फेरिक लोह हजारपटीनं घटतं. लोह मातीत असतं, पण मुळाला मिळत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. भिंतीकडेची इक्झोरा (गुच्छाच्या फुलांचं झुडूप) अशी दिसली तर खत घालण्याआधी सिमेंटकडं बघा. कागदी लिंबालाही हा त्रास होतो. नदीकाठच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते, तिला फारसा फरक पडत नाही; राधानगरी-शाहूवाडीकडच्या तांबड्या आम्लधर्मी मातीत लवकर जाणवतो.

म्हणून मी भुगा चाळून वेगळा काढला आणि तो पायवाटेखाली मुरमात दाबला. मोठे तुकडे गडग्यासारखे कोरडेच रचले, सिमेंट न लावता, मातीच्या बाजूला किंचित कलते. फोडताना पाणी मारत होतो आणि तोंडाला चांगला मास्क होता, कारण त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात गेली की परत निघत नाही. ढिगात सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे तीन तुकडेही निघाले. त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू, असतात. ते फोडले नाहीत, ओले करून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवलेत.

बांधाच्या वरच्या रांगेत ओवा आणि कोरफड लावली आहे. इक्झोरा दहा फूट लांब, कुंडीत.