आंब्याची ऑर्डर आणि पीएचपी

देवगडचा बागायतदार किंवा तारकर्लीचा होमस्टेवाला माझ्याकडे वेबसाइट करून घ्यायला येतो, तेव्हा त्याचं मागणं चार शब्दांत संपतं: फोटो, दर, नकाशा आणि ऑर्डरचा फॉर्म. पहिल्या तिघांना प्रोग्रॅमिंगची भाषा लागतच नाही, पान मांडायच्या एचटीएमएल खुणांवर भागतं. घोळ घातलाय तो फॉर्मने, आणि तो १९९३ पासूनचा आहे.

त्या वर्षी अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत सीजीआयची पद्धत निघाली. भरलेला फॉर्म आला की साइटची पानं पुरवणाऱ्या सर्व्हरने एक प्रोग्रॅम चालवायचा आणि तो जे छापेल ते ब्राउझरला धाडायचं. भाषा कुठलीही चाले; पण मजकूर कापण्या-जोडण्यात तरबेज म्हणून लॅरी वॉलची १९८७ची पर्ल पुढे झाली. फक्त दर फॉर्मामागे प्रोग्रॅम नव्याने सुरू व्हायचा, त्यात सर्व्हरला धाप लागे.

रासमुस लेरडॉर्फ या प्रोग्रॅमरने स्वतःच्या पानासाठी सी भाषेत केलेली हत्यारं जून १९९५ मध्ये सगळ्यांना खुली केली. त्यांचीच पुढे पीएचपी ही भाषा झाली. एचटीएमएलच्या मधोमध कोड लिहायचा, फाइल एफटीपीने (फाइली धाडायच्या सोयीने) सर्व्हरवर चढवायची, काम संपलं. पीएचपी अपाचे या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या पोटातच चालू लागली, तेव्हा एका मशीनवर शेकडो गिऱ्हाइकं बसवणं होस्टिंगवाल्यांना, म्हणजे साइटला भाड्याने जागा देणाऱ्यांना, परवडलं. रुबी ऑन रेल्स (२००४) आणि पायथनचं जँगो (२००५) हे साइट बांधायचे दोन्ही तयार सांगाडे देखणे. पण त्यांना कायम चालू राहणारा वेगळा प्रोग्रॅम लागे आणि स्वस्त होस्टिंगवर त्याला सहसा जागा नसे. म्हणून मी म्हणतो, छोट्या साइटची भाषा गुणांवर ठरलीच नाही, होस्टिंगच्या बिलावर ठरली. साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर, २००३ चं वर्डप्रेस, तेही पीएचपीतच लिहिलं गेलं, मग तर प्रश्नच मिटला.

ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट १९९५ चीच, ब्रेंडन आइकने दहा दिवसांत उभी केलेली. आमच्याकडे तिचं काम डझनांना दराने गुणण्यापुरतं.

पीएचपीने वसुली नंतर केली. डेटाबेसला प्रश्न विचारणारं जुनं 'मायएसक्यूएल_क्वेरी' हे फंक्शन २०१३ मध्येच 'आता वापरू नका' म्हणून जाहीर झालं होतं. डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मधून ते काढूनच टाकलं. माझ्या कोडात ते तसंच पडून. होस्टिंगवाल्याने ऐन एप्रिलात पीएचपीची आवृत्ती बदलली आणि हापूसच्या दरांच्या जागी कोरं पांढरं पान! घामाघूम होऊन बागवाल्या काकांना फोन लावला. ते म्हणाले, "ऱ्हवांदे रे. तुझो फॉर्म भरता कोण? सगळे व्हॉट्सॲपवरच इचारतत."

आता तिथे साधं एचटीएमएलचं पान आहे, फॉर्मच्या जागी व्हॉट्सॲपचं बटण. पेटीचा दर उतरला की आकडा मी हाताने बदलतो.